पाय हलका ठेवूनही ॲव्हरेज १३? थ्रॉटल, एअर फिल्टर अन् इको बटणाची भानगड

वर्धारोड_वाला

मंडळी जरा डोकं लावा, माझं तं चालून नाही राहिलं. गाडी दीड वर्षाची, १२०० सीसी पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल, १४ हजार किमी झाले. नागपुरात मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स रोजचं जाणं-येणं, एका बाजूनं साडेनऊ किमी, एसी चालू (मे महिना आहे बाप्पा, बंद करून दाखवा). शहरात ॲव्हरेज १३ च्या वर सरकून नाही राहिलं. बरं मी गाडी पळवत नाही, रेसवर पाय नुसता टेकवतो, मागचे हॉर्न मारून मारून थकतात पण मी आपला हळूच.

मागच्या पंधरवड्यात घरच्यांना घेऊन समृद्धीनं शिर्डीला गेलो. वाटलं मोकळ्या रस्त्यावर तरी २० देईल. क्रूझ १२० वर लावला, पाय आखडून बसलो, अन् टाकी टू टाकी हिशोब केला तं १४! म्हणजे बर्डीच्या गर्दीत १३ अन् शिवमडक्याच्या पुढं माणूस नाही काणूस नाही तिथं १४, याला काय म्हणावं.

आता सल्ले ऐका. बाबा म्हणतात उतार आला की न्यूट्रल कर, त्यांनी आधी फियाट अन् मग ८०० चालवली, आयुष्यभर हेच केलं. ॲक्सेसरीजच्या दुकानवाल्यानं कोन टाईप एअर फिल्टर गळ्यात मारला, म्हणे हवा जास्त गेली की पेट्रोल कमी लागते, वरून पेडलला लावायचा एक डबा पण घ्या म्हणत होता, तो नाही घेतला. फिल्टर मात्र घेऊन बसलो, अजून लावला नाही. अन् ऑफिसातला एक मित्र म्हणतो इको मोड अन् ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोन्ही बंद कर, ते सगळं इलेक्ट्रॉनिक्स पेट्रोल पिते.

कोणाचं ऐकू?

सावजी_तर्री

कोणाचंच नको ऐकू भाऊ 😄 १२० वर १४ दिलं हेच खूप झालं, माझी तं १२ वर येते. अन् ई२०, ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, विसरला का? सगळे बोंबलून राहिले त्याच्या नावानं.

टप्पेट_काका

ई२० चं आधी आटपतो म्हणजे नंतर कोणी मधे आणणार नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं म्हणजे हिशोबानं ६-७ टक्क्यांचा फटका, १८ देणारी गाडी १७ देईल. १३ वर नाही येत. तेव्हा बाकीचं दुसरीकडं शोधा.

आता मूळ गोष्ट. रेस दाबली की पेट्रोल जाते असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. पेट्रोल गाडीत तुमचा पाय पेट्रोलला हात लावत नाही, तो हवेचं दार उघडतो. थ्रॉटल बॉडीत एक गोल चकती असते, आपण बटरफ्लाय म्हणतो, ती फिरते अन् हवा आत जाते. किती हवा गेली ते मॅप (हवेचा दाब बघणारा) सेन्सर नाहीतर एअर फ्लो सेन्सर मोजते, अन् ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हवेच्या मापानं पेट्रोल सोडते. शुद्ध पेट्रोलसाठी वजनानं १४.७ भाग हवेला १ भाग, ई२० ला हवा थोडी कमी पुरते, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ते स्वतःच दुरुस्त करून घेते. आजच्या गाडीत तर पायाला केबलही नाही, पेडलखाली सेन्सर आहे, तुम्ही फक्त विनंती करता, चकती मोटर फिरवते.

आता गंमत इथं आहे. तुम्ही पाय नुसता टेकवता म्हणजे चकती जवळजवळ बंद. पण पिस्टन तर खाली जाऊनच राहिले, त्यांना हवा पाहिजे, अन् दार बंद. उसाच्या रसाची स्ट्रॉ चिमटीत दाबून रस ओढून बघा, गाल दुखतात. इंजिनाचंही तेच होते, गाडी ओढायची ताकद ते हवा ओढण्यातच घालवते. रिकाम्या आरपीएमवर (आयडल, म्हणजे गाडी उभी अन् इंजिन चालू) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या नळीत, बाहेरच्या हवेच्या एक तृतीयांश एवढाच दाब असतो, इतकं ते ओढत असते. यालाच पंपिंग लॉस म्हणतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न, ४० च्या स्पीडला तुम्ही कोणत्या गिअरमध्ये असता? मला वाटते तिसऱ्यात, अन् दुसरा खूप वेळ ओढता. खरं की नाही?

वर्धारोड_वाला

खरं आहे काका. तिसराच. चौथा ५५-६० ला टाकतो. मला वाटलं वरचा गिअर टाकला की इंजिनावर लोड येते अन् पेट्रोल जाते.

टप्पेट_काका

तेच तं. ४० ला चौथा टाकला की आरपीएम खाली येते, तेवढ्याच स्पीडसाठी पाय जरा जास्त दाबावा लागते, म्हणजे दार जास्त उघडं, म्हणजे हवा ओढायचा त्रास कमी, अन् वर मिनिटाला फेरे कमी म्हणून घासणंही कमी. पाय जास्त अन् पेट्रोल कमी, ऐकायला उलटं वाटते पण असंच आहे. फक्त इंजिन थरथरायला लागलं, घुर्रर्र करून धक्के मारायला लागलं की खालचा गिअर टाकायचा, तिथं हट्ट नाही करायचा. अन् सिग्नलवरून निघताना रांगत नका निघू. मध्यम रेस द्या, अर्ध्याच्या आसपास, २००० आरपीएमला गिअर बदला, ४०-४५ ला पोचा अन् मग स्थिर ठेवा. तुमच्या मागचे हॉर्नही बंद होतील.

डिझेलवाल्यांनी हे वाचून उगीच डोकं नका खाऊ, डिझेलमध्ये पेट्रोलसारखं ताकद कमी-जास्त करायला हवेचं दार वापरत नाहीत, तिथं पाय खरंच डिझेलचं माप बदलतो. म्हणून तर संथ ट्रॅफिकमध्ये डिझेल गाडी एवढं ॲव्हरेज देते, इतर कारणंही आहेत पण हे एक मोठं.

लालपरी_निवृत्त

टप्पेट साहेब, तुमचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल, परंतु मी ३१ वर्षे एसटी चालवली आहे. डेपोमध्ये केपीटीएलचा तक्ता लागायचा, १० लिटरला किती किलोमीटर, अन् माझं नाव कायम वरच्या पाचात असायचं. उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पोराचे बाबा चुकीचे सांगत नाहीत.

टप्पेट_काका

लालपरी भाऊ, तुमच्या केपीटीएलला माझा नमस्कार, ते वरच्या पाचातलं नाव तुमच्या नजरेचं आहे, पुढचा थांबा दिसला की दोनशे मीटर आधी पाय काढणाऱ्या ड्रायव्हरचं. न्यूट्रलचं नाही. त्या जुन्या पंपाच्या बसमध्येही गिअरात राहून पाय काढला की गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) डिझेल तोडत होता.

अन् कार्ब्युरेटरवाल्या गाडीत बाबांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. तिथं गिअरमध्ये पाय काढला तरी इंजिन आयडल जेटमधून पेट्रोल ओढतच राहायचं, फेरे जास्त तेवढं जास्त. त्यापेक्षा न्यूट्रलमध्ये फेरे कमी, म्हणून बचत. इंजेक्शन आलं अन् खेळ उलटला. आता गिअरात राहून पाय पूर्ण काढला अन् आरपीएम साधारण दीड हजाराच्या वर असलं की ईसीएम इंजेक्टर बंद करून टाकते. थेंब नाही. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की चाकं सुटली, मग इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल द्यावंच लागते, छोट्या इंजिनाला तासाला पाऊण लिटरच्या आसपास.

एक कबूल करतो. लांब सौम्य उतार असेल, पुढं थांबायचं नसेल, तर न्यूट्रलमध्ये गाडी लांब सरकते कारण इंजिन अडवत नाही. पण त्या दोन थेंबांसाठी ऐनवेळी गिअर नसणं मला परवडत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात तर असं कोणी करूच नका, इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार पॅडवर, पॅड तापले की पेडल दाबून दाबून गाडी थांबत नाही. अन् उतारावर चावी बंद करणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या ब्रेकची मदत दोन-तीन दाबात संपते अन् स्टिअरिंगची तर लगेच जाते.

लालपरी_निवृत्त

घाटात न्यूट्रल आम्हीही कधी केलं नाही. ते तर नोकरी जाण्याचं काम. बाकी पाहतो.

काटोलरोडची_मॅडम

माझी एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) आहे, शाळेत जाते-येते, त्यामुळे न्यूट्रलचा वाद माझ्याकडे नाही 😊 पण मी एक ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) घेतला होता, मोबाईलवर सगळं दिसतं, तासाला किती लिटर चाललंय ते पण. त्यावरून सांगते. ॲपचा आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण कमी-जास्त झालेलं कळतं.

व्हरायटी चौक ते रविनगर, दुपारी दीडची वेळ, शाळा सुटलेली, बाहेर ४४. उभी असताना एसी बंद केला तर ०.७ दाखवायचं, एसी लावला की १.१-१.२ पर्यंत जायचं अन् कॉम्प्रेसर कट झाला की परत खाली. म्हणजे लॉ कॉलेज चौकात लाल दिव्यात नुसतं बसून मी पेट्रोल जाळत होते, अन् ॲव्हरेजच्या हिशोबात ते किमी शून्य! वर्धारोडवाले, तुम्ही रोज किती वेळ उभे असता ते घड्याळ लावून मोजा एकदा.

इको बटणाबद्दल माझा अनुभव, ते दाबलं की गाडी मेल्यासारखी वाटते पण खरं म्हणजे पेडलचं माप बदलतं. तेवढाच पाय दाबला तरी चकती कमी उघडते. काही गाड्यांत एसी पण थोडा ढिला करतात. ज्याचा पाय आधीच शांत आहे त्याला फारसा फरक पडत नाही, ज्याचा पाय थडथड करतो (माझे मिस्टर) त्याला पडतो. एएमटीमध्ये मात्र गिअर लवकर वर टाकते, ते कामाचं. उलट स्पोर्ट मोड अन् तुम्ही म्हणता तो पेडलचा डबा, दोन्ही एकाच जातीचे. पाय थोडा दाबला तरी गाडीला सांगायचं की खूप दाबला. ताकद तेवढीच, मायलेज तेवढंच, फक्त उडी वाटते. न घेतला ते बरं केलंत.

वर्धारोड_वाला

मॅडम मोजलं. आज सकाळी जाताना ४१ मिनिटं लागली, त्यात उभा १४ मिनिटं! छत्रपती चौकाखालीच तीनदा लाल लागला.

टप्पेट_काका

घ्या मग कागद. साडेनऊ किमीला १३ नं पाऊण लिटरला थोडं कमी, ०.७३ धरा. त्यातले १४ मिनिटं उभं, एसीसकट तासाला एक लिटर धरलं तरी ०.२३ तिथंच गेलं. उरलं अर्धा लिटर, त्यात साडेनऊ किमी. म्हणजे तुमची गाडी चालते तेव्हा १९ देऊन राहिली भाऊ! इंजिनात खोट नाही, चौकात खोट आहे. सिग्नलचा आकडा ६०-७० दिसला की बंद करा, आजकालच्या गाडीला सुरू करायला काही लागत नाही. ऑटो स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्या हेच करतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात एसीचा ताण पाहून ते बरेचदा इंजिन बंदच करत नाही, तेव्हा ते खराब झालं म्हणून सर्व्हिस सेंटरला पळू नका. अन् जमलं तर वरून, डबल डेकर फ्लायओव्हरवरून जा, तेवढे चौक टळतात.

समृद्धीचं उत्तर साधं आहे, वारा. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गानं वाढते. ८० ला जेवढा, त्याच्या सव्वादोन पट १२० ला. १०० वरून १२० केलं तरी ४४ टक्के जास्त. हे मी नाही सांगून राहिलो, गुणाकार सांगून राहिला. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा ॲव्हरेजचा जो मोठा आकडा शोरूमात चिकटवलेला असते ना, ती चाचणी रोलरवर होते, एसी बंद, अन् स्पीड ९० च्या वर जातच नाही. शिर्डीपर्यंत ५२० किमी, १२० नं गेलात तर ४ तास २० मिनिटं, १०० नं ५ तास १२. बावन्न मिनिटांसाठी किती लिटर द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. वर कॅरिअर लावलं होतं का?

वर्धारोड_वाला

लावलं होतं ना काका 🙈 सासूबाईंच्या दोन बॅगा अन् वर ताडपत्री. फडफडत होती थोडी.

सावजी_तर्री

थोडी 😂😂 छत्री उघडून गेला म्हण ना बे शिर्डीले

टप्पेट_काका

झालं मग, कारण सापडलं. रिकामं कॅरिअरसुद्धा काढून ठेवत जा. खिडक्यांचंही तेच, शहरात हळू असताना खिडकी उघडी चालते, हायवेच्या स्पीडला खिडकी उघडली की गाडीचा छान आकार वाया जातो, तिथं काच बंद अन् एसी बरा. उन्हात तापलेली गाडी मात्र आधी दोन मिनिटं चारही काचा उघडून चालवा, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी. टायरची हवा थंड टायरवर दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सिमेंट रोडवर मे महिन्यात १२० नं जायचं अन् हवा कमी ठेवायची हे ॲव्हरेजच्याही आधी जिवाचं काम आहे.

हिंगणा_एमआयडीसी

क्रूझबद्दल कोणी बोललं नाही. सपाट रस्त्यावर क्रूझ आपल्यापेक्षा बरा, कारण आपला पाय नकळत ११० ते १२५ डुलतो. पण चढाव आला की तो आंधळा, काही झालं तरी आकडा सोडत नाही, रेस देत सुटतो, अन् उतरताना कमावलेला वेग घालवतो. चढावर आपण दहा-पाच किमीनं वेग पडू दिला अन् उतारावर परत घेतला तर पेट्रोल कमी लागते. समृद्धीवर क्रूझ लावून डोळे जड होतात ते वेगळंच, मी दर दीड तासानं बंद करून पायानं चालवतो.

अन् ईएसपी बंद करा म्हणणाऱ्या मित्राला एक चहा पाजा अन् समजावा. ईएसपी नेहमी नुसतं बघत असते, स्टिअरिंग कुठं अन् गाडी कुठं. गाडी घसरायला लागली तरच एखाद्या चाकाला ब्रेक मारते अन् थ्रॉटल कमी करते. मागच्या पावसाळ्यात हिंगणा टी-पॉइंटजवळ पहिल्या सरीत सिमेंट रोडवर माती अन् ऑइलचा साबण झालेला, मी घाईत रेस दिली, चाक जागेवर फिरलं, डॅशवर तो सापासारख्या रेघांचा पिवळा दिवा लुकलुकला अन् माझा पाय दाबलेलाच असताना इंजिन गप झालं. दोन सेकंद. पायाखालचं ऐकणं बंद करून गाडीनं स्वतः दार लावलं. मला राग आला होता, मग लक्षात आलं की बाजूला ट्रक होता. हे बंद करून पेट्रोल वाचत नाही, चिखलात गाडी रुतली तरच ट्रॅक्शन बंद करायचं अन् निघालं की परत चालू.

वर्धारोड_वाला

अन् फिल्टर? पैसे गेलेत हो माझे.

टप्पेट_काका

लावू नका. कंपनीचा डबा गार हवा ग्रिलच्या बाजूनं घेते, तुमचा उघडा कोन बोनेटखालची इंजिनची गरम हवा ओढेल. आवाज वाढेल, तो ऐकून पिकअप वाढल्यासारखं वाटेल. तेल लावलेला असेल तर ते तेल एअर फ्लो सेन्सरवर जाऊन बसायची भीती. अन् दुकानदाराचं गणितच उलटं, हवा जास्त गेली तर ईसीएम पेट्रोलही जास्तच देणार ना, मापच तसं आहे.

अजून एक सांगतो, हे मलाही उशिरा कळलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर धुळीनं भरला तरी ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये हे तपासलं होतं. कारण हवा तर चकती अडवतेच आहे, फिल्टरनं थोडी अडवली तर तुम्ही पाय थोडा जास्त दाबता, बेरीज तीच. कार्ब्युरेटरमध्ये मात्र फिल्टर भरला की मिश्रण घट्ट (हवा कमी, पेट्रोल जास्त) व्हायचं अन् धूर निघायचा, तिथून हा समज आला. तरी फिल्टर वेळेवर बदलाच, रस्त्यांच्या कामाची धूळ इंजिनात गेली तर ॲव्हरेज सोडा, पिस्टनच्या रिंगा जातील.

थ्रॉटल बॉडी मात्र एकदा उघडून पाहायला सांगा. चकतीच्या कडेला काजळाची काळी रेघ बसते, आयडल वर-खाली होते. कपड्यावर क्लीनर घेऊन पुसायचं, इलेक्ट्रॉनिक चकती बोटानं ढकलायची नाही, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर आयडल काही वेळ चढलेलं राहिलं तर घाबरू नका, ईसीएमला घाणीची सवय झालेली असते, स्कॅनरनं शिकवणी दिली की बसते.

वर्धारोड_वाला

तीन आठवड्यांनी परत आलो. दोन टाक्या झाल्या. शहरात १५.६. चौथा गिअर ४० ला, मोठ्या सिग्नलवर बंद, जाताना फ्लायओव्हरवरून. मागच्या रविवारी अमरावतीला ९० नं गेलो-आलो, कॅरिअर घरी ठेवून, १९.२ निघालं. थ्रॉटल साफ केला, त्यानं आयडल बसलं, ॲव्हरेजमध्ये काही वेगळं नाही जाणवलं.

मॅडमसारखा स्कॅनर मागवला. परवा बाबांना शेजारी बसवून फ्लायओव्हरवरून अजनीकडं उतरलो, चौथ्यात, पाय काढला, मोबाईलवर ०.०. बाबा म्हणे बंद पडलं का रे हे. मग न्यूट्रल केलं तं ०.८. परत गिअर, ०.०. तीनदा करायला लावलं त्यांनी. काही बोलले नाही. घरी गाडीतून उतरताना म्हणे, "आमच्या फियाटले हे नव्हतं." अन् काल स्वतः गाडी घेऊन भाजीला गेले तेव्हा मी गच्चीवरून पाहत होतो, गल्लीच्या उतारावर हात गिअरवर गेलाच होता, तिथंच थांबला.

फिल्टर दुकानदार परत घेऊन नाही राहिला, म्हणतो पाकीट फोडलं. कोणाला शोभेसाठी पाहिजे असल तं सांगा, मनीषनगरातून घेऊन जा.

सावजी_तर्री

पक्ष्यांना पाणी ठेवायले जमन का त्यात? उन्हाळा आहे